‘आईला फक्त झोपेची गोळी लिहून द्या’ : आटपाडी–मिरज अंतरावरच्या एका सल्ल्याचं प्रकरण

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातलं. तक्रार आल्यावर दोन्ही बाजूंचे कागद, मेसेज आणि रेकॉर्डिंग पाहून मत देण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. मी कुणाचाच वकील नव्हतो. कुटुंब आणि डॉक्टर दोघांनाही विचारून लिहितो आहे. गाव, वयं, महिना असे ओळख पटवणारे तपशील काढले किंवा बदलले आहेत. औषधं, घटनांचा क्रम आणि दोन भेटींमधलं अंतर मात्र आहे तसंच ठेवलं आहे, कारण सगळा प्रश्न त्यातच आहे.

पार्श्वभूमी

आटपाडी-खानापूरच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. दुकान तमिळनाडूत नाहीतर केरळात, शेती आणि म्हातारी माणसं गावाकडे. अशा घरांत डॉक्टरांशी पेशंट बोलत नाही, बाहेरगावचा मुलगा बोलतो. रिपोर्ट त्याच्या मोबाइलवर येतात, पैसे तो पाठवतो आणि ‘दाखवायचं की थांबायचं’ हेही तोच ठरवतो. दूरच्या सल्ल्याच्या नियमावलीत ‘काळजीवाहकामार्फत सल्ला’ हा अनेक प्रकारांतला एक प्रकार आहे. आमच्याकडे तोच मुख्य प्रकार आहे.

आजी ७१ वर्षांच्या, विधवा. बारावीत शिकणारा १७ वर्षांचा नातू सोबतीला. थोरला मुलगा आणि सून तमिळनाडूत. मुलगी तासगाव तालुक्यात दिलेली. आजींना दहाएक वर्षं रक्तदाब, त्यावर सकाळची एक गोळी. गुडघे दुखायचे, पण त्याबद्दल कुणी फार बोलत नव्हतं. मिरजेतले एक एमडी फिजिशियन त्यांना वर्षातून एकदोनदा बघायचे. शेवटची प्रत्यक्ष भेट या घटनेच्या आठ महिने आधीची. तेव्हा रक्तदाब आटोक्यात होता, ईसीजी ठीक होता.

शनिवार : मागणी

शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपवर मुलाचा आवाजी मेसेज आला. चार-पाच रात्री आईला झोप नाही. बीपीच्या गोळ्याही संपत आल्यात. मागे एकदा विट्याच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली होती, तिचा फोटो पाठवतो. ‘तेवढी लिहून द्या, मी मेडिकलवाल्याला इथनंच पाठवतो.’ फोटोतली गोळी अल्प्राझोलाम होती.

मागणी अगदी नेहमीची. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही फिजिशियनचा फोन उघडला तर असे मेसेज सापडतील. म्हणूनच या प्रकरणाचा अभ्यास करावासा वाटला; यात काहीच विचित्र घडलेलं नाही.

पर्याय

मागितलेलं लिहून देणं ही सगळ्यात सोपी वाट. ती कायद्याने बंद आहे. २५ मार्च २०२० ला आलेल्या आणि पुढे वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारनियमांना परिशिष्ट म्हणून जोडलेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांमध्ये औषधांचे चार गट केले आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी साधी औषधं कुठल्याही माध्यमातून सांगता येतात. दुसऱ्या गटातली औषधं पहिल्याच सल्ल्यात द्यायची तर सल्ला व्हिडिओवर झाला पाहिजे. चालू औषध पुन्हा लिहून देणंही याच गटात बसतं. तिसरा गट आधी प्रत्यक्ष पाहिलेल्या पेशंटच्या पाठपुराव्यात, त्याच आजारासाठी जोडून द्यायच्या औषधांचा. चौथा गट दुरून द्यायचाच नाही. औषध नियमांतल्या अनुसूची ‘एक्स’मधली औषधं आणि १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात आलेली गुंगीकारक व मनावर परिणाम करणारी द्रव्यं त्यात येतात. अल्प्राझोलाम या चौथ्या गटात आहे. व्हिडिओ लावला काय, नाही लावला काय, फरक पडत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी, ‘झोप नाही’ हे लक्षण आहे. त्याचं कारण माहीत नसताना फक्त नातवाच्या सोबतीने राहणाऱ्या म्हातारीला गुंगीची गोळी देणं हा वैद्यकीय जुगार झाला असता.

दुसरी वाट : काहीही न सांगता ‘पेशंट घेऊन या’ म्हणणं. याला न्यायालयांचा भक्कम आधार आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय औषध देऊ नये, फोनवर औषध सांगायची सवय अगदी तातडीची वेळ सोडली तर टाळावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मार्टिन डिसूझा प्रकरणात म्हटलं होतं. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीतल्या एका बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा तर राज्यभरच्या डॉक्टरांनी फोन उचलणंच कमी केलं. त्या प्रकरणात पेशंट दवाखान्यात दाखल होती, डॉक्टर बाहेरगावी होते, जागेवर दुसरा डॉक्टर नव्हता आणि उपचार फोनवरून चालले होते. ‘फोनवर सल्ला म्हणजे गुन्हा’ असा त्याचा अर्थ लावला गेला. माझ्या वाचनाप्रमाणे न्यायालयाचा रोख निदानाशिवाय दिलेल्या औषधावर आणि पेशंटला वाऱ्यावर सोडण्यावर होता. दीड-दोन वर्षांत करोना आला, २०२० ची तत्त्वं आली आणि दुरून सल्ला देण्याला लिखित चौकट मिळाली. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे आचारनियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले, त्यामुळे २००२ चे नियम आणि त्यांना जोडलेलं २०२० चं परिशिष्ट यांवरच काम चालतं.

सपशेल नकार डॉक्टरांना सुरक्षित ठेवतो, पेशंटला नाही. ७१ वर्षांच्या बाईच्या रक्तदाबाच्या गोळ्या अचानक बंद पडणं हाही धोकाच.

तिसरी वाट म्हणजे आजींशी स्वतः व्हिडिओवर बोलणं, जमल्यास शेजारी आरोग्य कर्मचारी बसवून. चौथी म्हणजे सरळ १०८. शनिवारी हाती असलेल्या माहितीवर चौथीला आधार नव्हता, हे मी तक्रारीच्या वेळीही म्हटलं आणि आजही म्हणतो.

डॉक्टरांनी ओपीडी संपल्यावर आवाजी उत्तर पाठवलं. झोपेची गोळी अशी देता येत नाही आणि न बघता मी देणारही नाही. बीपीची गोळी आहे तीच सकाळी एक चालू ठेवा, जुनी चिठ्ठी मेडिकलला दाखवा. उद्या दुपारी व्हिडिओ लावा, आजींशी मी स्वतः बोलणार आहे.

मुलाने ‘थँक यू सर’ लिहून यूपीआयने ५०० रुपये पाठवले. डॉक्टरांनी मागितले नव्हते. मग तोच आवाजी मेसेज त्याने घरच्या ग्रुपवर टाकला. तासगावच्या बहिणीने तो तिथे ऐकला. तिच्या लक्षात राहिलं ते एवढंच की डॉक्टरांनी जुनीच गोळी चालू ठेवायला सांगितली.

रविवार : व्हिडिओ कॉल

दुपारी चारला कॉल लागला. मुलगाही तिकडून जोडलेला. घरात रेंज येत नाही म्हणून नातवाने आजींना गच्चीवर नेलं होतं. आजी पडद्यावर आल्या त्या तोंडाने श्वास घेत. नातू म्हणाला, जिना चढून आली म्हणून.

‘आजी, बोलू ना तुमच्याशी असं फोनवर?’

‘बोला की.’

‘झोप का येत नाही?’

‘काय न्हाय वो, बरं हाय मला. पोरगं उगं घाबरतंय.’

पुढची तीन-चार मिनिटं मुलगाच उत्तरं देत होता. आईला टेन्शन आहे, नातवाच्या परीक्षेचं मनाला लावून घेतलंय, वगैरे. सुगावा लागला तो नातवाच्या एका वाक्यातून, तेही विचारलं नसताना : ‘रातच्याला भिताडाला टेकून बसती. आडवी झाली की गुदमारतंय म्हणती.’

डॉक्टर तिथे थांबले. आडवं झाल्यावर कोंडणारा श्वास आणि झोप न येणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली हृदयाकडे बोट दाखवते. त्यांनी नातवाला आजींच्या नडगीवर अंगठ्याने जोरात दाबून धरायला सांगितलं आणि मग कॅमेरा तिथे न्यायला लावला. चित्र पुसट होतं, पण खळगा दिसत होता, म्हणजे पायाला सूज होती. आणखी कुठल्या गोळ्या घेताय का, या प्रश्नावर आजींनी एकदा मोबाइलकडे पाहिलं आणि ‘न्हाय’ म्हणाल्या. मोबाइलवर डॉक्टरांच्या शेजारीच मुलाचा चेहरा होता.

डॉक्टरांनी सांगितलं : हे झोपेचं दुखणं नाही, हृदयावर ताण आलेला असू शकतो, आज रात्रीच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा, गाडी नसेल तर १०८ बोलवा. मुलगा म्हणाला, रविवारची संध्याकाळ आहे, पोराचा उद्या पेपर आहे, सकाळी बघतो. डॉक्टरांनी पुन्हा सांगायला सुरुवात केली आणि कॉल तुटला. नातवाचा फोन लागेना. मग त्यांनी मुलाला साधा फोन लावून तेच पुन्हा, जरा कडक आवाजात सांगितलं. मुलगा ‘हो हो’ म्हणाला. डॉक्टर दवाखान्यात एका गंभीर पेशंटकडे गेले आणि रात्री उशिरा घरी पोचले.

लिहून कुठेच काही राहिलं नाही. ना मेसेज, ना केस पेपरवर नोंद.

सोमवार आणि पुढचा आठवडा

सोमवारी सकाळी मुलाने गावातल्या आशाताईंना फोन केला. त्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमना घेऊन आल्या. ऑक्सिजन ८७ टक्के, नाडी जलद आणि अनियमित, दोन्ही पाय सुजलेले. मॅडमनी कुणाला न विचारता १०८ ला फोन लावला. ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजन आणि लघवीचं इंजेक्शन मिळालं, तिथून मिरज. हृदयाची लय बिघडलेली आणि हृदयाची पंपिंग क्षमता उतरलेली निघाली. आठवड्याभराने आजी स्वतःच्या पायांनी घरी गेल्या.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी एका सिस्टरने नातेवाइकांना बाहेर काढून आजींना निवांत विचारलं, तेव्हा खरं कळलं. दोन महिने त्या गुडघ्यांसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक आणून दिवसाला दोन खात होत्या. शेजारणीला गुण आला होता. मुलगा ओरडेल म्हणून घरात सांगितलं नव्हतं. शिवाय बीपीची गोळी पुरवून पुरवून, एक दिवसाआड चालू होती. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा जोर कमी करतात. नाजूक हृदयाला तेवढं पुरतं. रविवारच्या ‘न्हाय’चा अर्थ असा तीन दिवसांनी लागला.

तक्रार

महिन्याभराने मुलीच्या वतीने वकिलाचं पत्र आलं. शनिवारी न पाहता उपचार केले, रविवारी पाहूनही काही केलं नाही, पैसे मात्र घेतले, आणि या दिरंगाईने आई मरणाच्या दारात गेली, असा आशय. दवाखान्याचं बिल भावाबहिणीत कुणी किती द्यायचं यावरून धुसफूस होती. ती पत्रात नव्हती, पण पत्रामागे होती.

यात कायद्याच्या दृष्टीने वजनदार गोष्ट त्या न मागितलेल्या ५०० रुपयांची. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच व्ही. पी. शांता प्रकरणात ठरवून टाकलं आहे. फी घेण्यात गैर काही नाही. २०२० ची तत्त्वंही फी घ्यायला मुभा देतात, फक्त पावती द्यायला सांगतात. ती दिलेली नव्हती. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. पैसे भरणारा मुलगा असल्याने त्याने ठरवलं असतं तर मिरजेच्या डॉक्टरांना तमिळनाडूत वकील शोधावा लागला असता. दुरून सल्ला देणाऱ्यांपैकी कितीजण हा हिशेब करतात, कोण जाणे.

आजी दगावल्या असत्या तर मामला पोलिसांत गेला असता. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागलं असतं; त्यात नोंदणीकृत डॉक्टरला वैद्यकीय उपचारादरम्यानच्या निष्काळजीपणासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आहे. जेकब मॅथ्यू निकालाने २००५ मध्ये फौजदारी निष्काळजीपणाची पातळी खूप वर नेऊन ठेवली असली, तरी चौकशीचा ताप कुणाला चुकत नाही.

डॉक्टरांकडे पुरावा काय होता? शनिवारचा आवाजी मेसेज, यूपीआयची नोंद, रविवारच्या व्हिडिओ कॉलची वेळ आणि मिनिटं. सगळ्यात योग्य सल्ला त्यांनी ज्या क्षणी दिला त्या क्षणाचं काहीच नाही. तत्त्वांनुसार सल्ल्याची नोंद, फोन-मेसेजचा तपशील, फोटो, रिपोर्ट आणि दिलेली औषधं जपून ठेवणं ही डॉक्टरची जबाबदारी. माझ्यासमोर आलेल्या फाइलमध्ये रविवारचं पानच नव्हतं.

ते पान सापडलं मुलाच्या मोबाइलमध्ये. त्याच्या फोनवर साधे कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे. रविवारच्या त्या दोन मिनिटांच्या फोनमध्ये डॉक्टर स्पष्ट म्हणताना ऐकू येतात : ‘सकाळपर्यंत थांबू नका.’ मुलाने ते रेकॉर्डिंग स्वतःहून दिलं. बहिणीसमोर म्हणाला, रविवारी थांबलो तो मी. न्यायालयात हे न्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागलं असतं. तिथवर वेळच आली नाही. एका बैठकीत पत्र मागे घेतलं गेलं. डॉक्टर ते ५०० रुपये परत करायला निघाले होते. मी नको म्हटलं. तक्रारीनंतर परत केलेले पैसे कबुलीसारखे दिसतात. मागच्या तारखेची पावतीही नको, आजच्या तारखेची द्या आणि त्यावर सल्ल्याची तारीख लिहा, असं सुचवलं. तसं केलं गेलं.

ज्या जागी निर्णय झाले

पत्रातला पहिला आरोप, शनिवारी न पाहता उपचार केल्याचा, मला पूर्ण फेटाळता आला नाही. याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष पाहिलं असेल तरच पुढचा सल्ला ‘पाठपुरावा’ ठरतो. इथे आठ महिने उलटले होते, म्हणजे नियमाच्या भाषेत हा ‘पहिला सल्ला’. तो व्हिडिओशिवाय, तोही मुलाच्या तोंडून झालेला, आणि त्यात रक्तदाबाची गोळी चालू ठेवायला सांगितली. डॉक्टरांचं म्हणणं, मी नवीन काही लिहिलं नाही, चालू गोळी बंद करू नका एवढंच म्हटलं. वैद्यकीय दृष्ट्या बरोबर. पण ‘जुनी चिठ्ठी मेडिकलला दाखवा’ हे शब्द त्याला औषध लिहून देण्याच्या जवळ नेतात. मी असतो तर ‘उद्या बोलेपर्यंत आहे ती गोळी घ्या, संपली असेल तर दोन-तीन दिवसांपुरती आणा, पुढचं उद्या’ म्हटलं असतं. शब्दांचा फरक आहे, पण ग्राहक आयोगासमोर शब्दच वाचले जातात.

संमतीचा मुद्दा पत्रात नव्हता, तरी मी पाहिला. पेशंटने स्वतः फोन केला तर संमती गृहीत धरतात. दुसऱ्याने केला तर ती स्पष्ट घ्यावी लागते, मग ती मेसेजवर असो की व्हिडिओवर तोंडी, आणि तिची नोंद ठेवावी लागते. ‘बोलू ना?’ ‘बोला की.’ ही माझ्या मते चोख संमती आहे, नुसती लिहिलेली नाही. शनिवारी मात्र आजींना पत्ताही नव्हता. आई शुद्धीत, समजती, आणि मुलाकडे तिच्या वतीने बोलायचा कुठलाही अधिकार नोंदलेला नाही. मागच्या प्रत्यक्ष भेटीतच केस पेपरवर ‘थोरल्या मुलाशी बोलायला पेशंटची परवानगी’ अशी एक ओळ घेऊन ठेवली असती तर भागलं असतं.

सगळ्यात जास्त विचार मी केला तो गच्चीवरच्या त्या चौकटीचा. दवाखान्यात डॉक्टर ‘जरा बाहेर बसा’ म्हणू शकतात. व्हिडिओवर चौकटीत कोण आहे, चौकटीबाहेर कोण उभं आहे, स्पीकर चालू आहे का, काही कळत नाही. फोनवर डॉक्टरांना पेशंट भेटत नाही, पेशंटबद्दल कुणाचं तरी म्हणणं भेटतं. इथे मुलाचं म्हणणं ‘टेन्शन’, आजींचं ‘बरं हाय’ आणि नातवाचं ‘भिताडाला टेकून बसती’. तिघांत खरं निघालं ते ज्याला कुणी विचारलं नव्हतं त्याचं. डॉक्टरांनी ते उचललं, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. घाईतला दुसरा कुणी मुलाच्याच बोलण्यावर गेला असता. मात्र मुलाला दोन मिनिटं कॉलवरून उतरायला सांगितलं असतं तर डायक्लोफिनॅक रविवारीच बाहेर पडलं असतं, असं मला वाटतं. खात्री कशी देणार?

नातवाचं वय हाही एक पेच आहे. पेशंट अल्पवयीन असेल तर सोबत ओळख पटलेला प्रौढ हवा, असं तत्त्वांत आहे. पण फोन धरणाराच अल्पवयीन असेल तर काय, याचा विचार त्यात नाही. रविवारी रात्री आजींना उचलून दवाखान्यात न्यायचा भार प्रत्यक्षात सतरा वर्षांच्या, दुसऱ्या दिवशी पेपर असलेल्या पोरावर होता. डॉक्टरांचा सल्ला हजार-बाराशे किलोमीटरवरच्या माणसाला दिला गेला, ज्याला गाडी काढता येत नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

रविवारच्या कॉलनंतर एक मेसेज. एवढंच केलं असतं तर वकिलाचं पत्र कदाचित लिहिलंच गेलं नसतं, कारण तो मेसेजही आदल्या दिवशीसारखाच घरच्या ग्रुपवर गेला असता आणि तासगावला कळलं असतं. मी डॉक्टरांना मसुदा करून दिला तो असा : ‘आज दुपारी ४ वाजता आजींना व्हिडिओवर पाहिलं. आडवं झाल्यावर श्वास कोंडतो, पायांना सूज आहे. हृदयाचा त्रास असू शकतो. फोनवर उपचार शक्य नाहीत. आज रात्रीच जवळच्या सरकारी किंवा खाजगी दवाखान्यात न्या, नाहीतर १०८. थांबल्यास जिवाला धोका आहे. पोचल्यावर कळवा.’ खाली नाव आणि नोंदणी क्रमांक. तत्त्वांप्रमाणे तो क्रमांक चिठ्ठीवर, मेसेजवर, पावतीवर सगळीकडे लागतोच.

याच्या जोडीला आणखी एक फोन हवा होता, मुलाला नव्हे, गावात. आशाताई सोमवारी सकाळी ज्या तत्परतेने आल्या त्या रविवारी संध्याकाळीही आल्या असत्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पेशंट पहिल्यांदा प्रत्यक्ष येतो तेव्हाच केस पेपरवर दोन नंबर घ्यावेत, एक पैसे पाठवणाऱ्याचा आणि एक घराजवळच्या प्रौढ माणसाचा. सरकारच्या ई-संजीवनीत उपकेंद्रातला कर्मचारी पेशंटशेजारी बसून डॉक्टरांशी जोडून देतो. त्या रचनेच्या अडचणी आहेत, पण नाडी धरणारा एक हात तिथे असतो. खाजगी व्हॉट्सॲप सल्ल्यात तो हात आपण स्वतः शोधावा लागतो.

रात्री दहाला ‘नेलं का?’ असं डॉक्टरांनी विचारायला हवं होतं का? कायदा एवढं सांगत नाही. सल्ला दिला, ऐकायचं की नाही हे कुटुंबाचं. तरी तातडीचा सल्ला दिल्यावर एकदा पाठपुरावा करणं मी चांगल्या प्रॅक्टिसचा भाग मानतो, आणि पुढे आयोगासमोर त्याचं वजनही पडतं. डॉक्टर तेव्हा दुसऱ्या गंभीर पेशंटपाशी होते. तो निरोप रिसेप्शनवरच्या मुलीलाही देता आला असता.

मेसेज ग्रुपवर गेल्याबद्दल डॉक्टरांचा दोष काढता येत नाही. दुसऱ्या कुणामुळे गोपनीयता फुटली याचा वाजवी पुरावा असेल तर डॉक्टर जबाबदार नाहीत, असं तत्त्वांत स्पष्ट आहे. पण डॉक्टरांच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये, घरच्या फोटोंच्या मध्ये, पेशंटचे ईसीजी आणि चिठ्ठ्या पडलेल्या होत्या. तो फोन कधीमधी मुलंही हाताळत. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांपासूनच आरोग्याची माहिती संवेदनशील गणली जाते, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तर आलेलाच आहे. दवाखान्यासाठी वेगळा नंबर आणि वेगळा फोन घ्या, हा सल्ला त्यांनी लगेच मानला.

सध्याची स्थिती

आजी दर तीन महिन्यांनी मिरजेला येतात. मधल्या काळात सल्ला लागला तर व्हिडिओ उपकेंद्रातून होतो, तिथे रेंजही आहे आणि रक्तदाब मोजायला माणूसही. मुलगा कॉलवर असतो, पण पहिली पाच मिनिटं त्याला घेत नाहीत. ही अट आजींनीच घातली. गुडघ्यांसाठी आता मलम आणि व्यायाम चालू आहे. मेडिकलवाल्यालाही आशाताईंनी समज दिली आहे.

डॉक्टरांनी दवाखान्याच्या दारावर फोन-सल्ल्याचे नियम लावले आहेत : कोण फोन करू शकतो, कुठली औषधं मिळणार नाहीत, पावती कशी मिळेल. झोपेच्या गोळीसाठीचे मेसेज त्यामुळे थांबलेले नाहीत. शनिवारच्या बीपीच्या गोळीबद्दल आमचं एकमत झालेलं नाही. मेडिकलवाला दोन-तीन दिवसांच्या गोळ्या मोजून देत नाही, अख्खी स्ट्रिपच देतो, हा त्यांचा मुद्दा मला खोडता आला नाही. व्यावसायिक विम्याच्या पॉलिसीत दुरून दिलेला सल्ला धरला आहे की नाही, हे त्यांनी कंपनीला लेखी विचारलं आहे.